घट्ट धर, नीट बस, खाली बघ

मराठी घरातलं मूल सायकल शिकतं तेव्हा कॅरिअर धरून मागे एक माणूस पळत असतो. तो बाबा असेल, मामा असेल किंवा शेजारचा कॉलेजात जाणारा दादा असेल; त्याच्या तोंडची वाक्यं मात्र ठरलेली. हँडल घट्ट धर. सीटवर नीट बस. खाली बघ, खड्डा आहे. पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. आणि दर दहा पावलांनी एकदा, हळू! या वाक्यांच्या जोरावर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या शाळेत गेल्या, गिरणीतून दळण घेऊन आल्या, डबल सीट सिनेमाला गेल्या आणि बहुतेक सगळ्या धड परतही आल्या. तेव्हा त्या वाक्यांवर शंका घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं.

माउंटन बायकिंग म्हणजे या सगळ्या वाक्यांचं पद्धतशीर उल्लंघन. डोंगरातल्या पायवाटेवर सायकल चालवायची तर हँडल सैल धरावं लागतं, सीटवर बसायचं नसतं, चाकाखाली बघायचं नसतं, पुढचा ब्रेक वापरावाच लागतो, आणि फार हळू गेलं की माणूस पडतो. निघताना टायरमधली हवा कमी करावी लागते, हे तर घरात सांगायचीही सोय नाही. चाळिशीच्या आसपास ज्यांना हा नाद लागतो, त्यांना चढ दमवतोच. पण त्याहून जास्त दमवतो तो कॅरिअर धरून अजूनही मागे पळणारा माणूस.

तशी घाटाची आपल्याला सवय आहे, पण चढायची. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. घाट उतरणाऱ्याला आपल्याकडे कुठलीही पदवी नाही. चढला तो उतरणारच, त्यात कौतुक कसलं? कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतल्या पोरांना मात्र उतरण्यातच कौतुक दिसलं. १९३०-४० च्या काळातल्या, जाड टायरच्या, भंगारात निघालेल्या श्विन सायकली त्यांनी गोळा केल्या आणि फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत लावली. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे चारशे मीटरचा उतार, आणि ब्रेक कसला, तर पायडल उलटं मारायचं. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर खेपेनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नाव ‘रिपॅक’. गॅरी फिशर तो ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरला. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बांधली, फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये अशा सायकली विकायला सुरुवात केली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं. त्या पोरांकडे शॉकअप नव्हते, डिस्क ब्रेक नव्हते. आणि मला वाटतं, त्यांच्या यशाचं खरं कारण हे की त्यांना सल्ला द्यायला आसपास कुणी पुणेकर नव्हता.

पुण्यात वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी गेलात तर सायकलपेक्षा सल्लागार जास्त भेटतात. त्यातले निम्मे सायकलवर असतात, निम्मे पायी. पहिल्या गटाचा सल्ला सुरू होतो तो ‘ट्रॅव्हल किती?’ या प्रश्नाने. ट्रॅव्हल म्हणजे शॉकअप किती मिलिमीटर दबतो ते. शर्यतीच्या क्रॉस-कंट्री सायकलला शंभर-एकशेवीस, पायवाटेवरच्या रोजच्या भटकंतीला एकशेवीस ते एकशेपन्नास, त्याहून दांडगाईला एकशेसत्तरपर्यंत, आणि उड्या मारत थेट कडा उतरणाऱ्यांच्या डाउनहिल सायकलला दोनशे. आपल्या सह्याद्रीतल्या बहुतेक गाडीवाटा आणि पायवाटा शंभर-एकशेवीसच्या हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढच्या चिमट्याला शॉकअप असलेल्या सायकलवर, मजेत होतात. पण असं सांगणाऱ्याला ग्रुपमध्ये मान नसतो. एकशेसत्तरवाली सायकल मोटारीच्या टपावर बसून टेकडीच्या पायथ्याशी येते, तिचे फोटो निघतात आणि ती पुन्हा टपावर चढते. चढ चढायचा असतो तो मोटारीला.

या मंडळींचा दुसरा ध्यास वजनाचा. शंभर ग्रॅम वाचावेत म्हणून कार्बनचं हँडल बसवलेला गृहस्थ, त्याबद्दल सांगता सांगता, मिसळीबरोबर जादा पाव मागवतो. पोटाच्या ग्रॅमचा हिशेब या खेळात धरत नाहीत.

आणि घरी वेगळाच पंचनामा. नवी सायकल दिवाणखान्यात उभी करायला गेलं की ती उभी राहत नाही.

“स्टँड नाही?” आजोबा विचारतात.

“नसतो याला.”

“घंटी?”

“वेगळी घ्यावी लागते.”

“मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही. एवढे पैसे मोजून दिलं काय त्याने?”

महाग सायकलींबरोबर पायडलसुद्धा येत नाहीत, ती निराळी विकत घ्यावी लागतात, ही गोष्ट मी तरी आजोबांच्या वयाच्या माणसाला सांगणार नाही. रक्तदाबाचा प्रश्न असतो.

माझं विचाराल तर पैसे तीन ठिकाणी घालावेत: टायर, ब्रेक आणि हेल्मेट. दोन लाखांची सायकल घेणारा माणूस हेल्मेटच्या दुकानात मात्र “यात जरा स्वस्तातलं दाखवा” म्हणतो, हे मी ऐकलं आहे. आत जो फोमचा थर असतो तो आदळताना चेपतो आणि तुमच्या डोक्याऐवजी स्वतः मार खातो. एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणून जोराने आपटलेलं हेल्मेट वरून कितीही नवं दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. आपल्याकडे ते धाकट्या भावाला देतात. पायडल सुरुवातीला साधी, सपाट, खिळे असलेलीच घ्या. बुटाला अडकणारी घेतली तर थांबताना पाय सुटत नाही आणि माणूस उभ्याचा आडवा होतो, तोही नेमका चहाच्या टपरीसमोर. पॅड लावलेली चड्डी घ्या. ती घातल्यावर आत दुसरं काही घालायचं नसतं, शिवण घासून सोलपटं निघतात. हा या खेळातला सर्वांत उपयोगी सल्ला आहे आणि तो अजून कुणीही कुणाला मोठ्या आवाजात दिलेला नाही.

एक सुटा भाग जवळ ठेवाच: हँगर. मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो अॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा. सायकल उजवीकडे पडली की फ्रेम वाकू नये म्हणून तो स्वतः वाकतो किंवा तुटतो. त्यासाठीच तो असतो. बऱ्याच कंपन्यांचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा वेगळा. त्यामुळे जगात तो सगळीकडे बनतो आणि तुम्हाला हवा असतो त्या गावात कधीच मिळत नाही. मुळशीच्या पलीकडे हँगर मोडला की दोन लाखांच्या सायकलचं टमटममधलं सामान होतं.

आता हवा. लहानपणी टायरची हवा अंगठ्याने तपासायची रीत होती. हापूस चाचपतात तसं टायर चाचपायचं आणि जराही दबलं तर पंप मारायचा. टणक टायर म्हणजे सायकलीची निगा आणि घरची शिस्त. डांबरी रस्त्यावर त्यात तथ्यही आहे. पण डोंगरात टणक टायर प्रत्येक दगडावरून टणकन उडतं, आणि हवेत असलेल्या चाकाला ना वळता येतं ना थांबता येतं. टायर थोडं मऊ असेल तर ते दगडाला कवेत घेतं, जमीन धरून ठेवतं. सत्तर किलोच्या माणसाला सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे वीस-बावीस पीएसआय आणि मागे दोन-तीन जास्त पुरतात. आत ट्यूब असेल तर आणखी पाच-सात भरा, नाहीतर दगड आणि रिम यांच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हा आकडा पेट्रोल पंपावरच्या हवावाल्याला सांगून बघा. “बावीस? दादा, पंक्चर आहे मग ती.” शिवाय त्याची नळी तुमच्या बारक्या प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसतच नाही. गावातल्या पंक्चरवाल्याकडे गेलात तर तो त्या व्हॉल्व्हकडे बघून आधी शेजारच्या दोघांना हाक मारतो. मग तिघं मिळून बघतात. एक छोटा पितळी अॅडॉप्टर खिशात असला की ही सभा टळते.

ट्यूबलेसमध्ये ट्यूबऐवजी पांढरं, पातळ रबरी दूध ओततात. बाभळीचा काटा शिरला की दूध भोकाशी धावतं, गोठतं आणि भोक बुजतं. दख्खनच्या पठारावर बाभूळ आहे म्हणजे या दुधाशिवाय गत्यंतर नाही. काटा दिसला तर उत्साहाने उपटू नका, आतून बूच बसलेलं असतं, घरी जाऊन बघा. पण हे दूध सुकतं; काही महिन्यांत सुकतं, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये आणखी लवकर. दोन उन्हाळे तेच दूध ठेवून ‘माझं टायर पंक्चरप्रूफ आहे’ म्हणणारे गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांच्या टायरमध्ये आता रबरी जाळी आणि एक गोळा आहे. फिरवलं की खुळखुळतं.

एवढी तयारी झाल्यावर उतार येतो. उतारावर उभं राहायचं असतं. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, म्हणजे खालचं पायडल दगडावर आपटत नाही. गुडघे आणि कोपरं वाकलेली, भार पायांवर, हँडलवर फक्त हात. सायकल अंगाखाली हलू द्यायची. ती घोट्याएवढ्या दगडावरून जाईल, डगमगेल, आणि तिच्या नादी न लागता तुम्ही वर स्थिर राहाल. मुठी आवळल्या की प्रत्येक दगड दंडातून थेट दातांपर्यंत पोचतो आणि दहा मिनिटांत पंजे इतके भरून येतात की ब्रेक दाबायलाही ताकद उरत नाही. सीट आड येऊ नये म्हणून ती बटणासरशी खाली बसणारी ड्रॉपर पोस्ट निघाली आहे. इतकी महाग सीट घ्यायची आणि ती नसल्यासारखी करायला आणखी पैसे मोजायचे, हे पटायला वेळ लागतो. पण एकदा वापरली की माणूस घरचं सोनं मोडून ती घेईल.

ब्रेकची गोष्ट त्याहून अवघड, कारण पुढच्या ब्रेकची भीती आपल्या हाडात आहे. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. म्हणजे थांबवायची ताकद पुढेच असते. फक्त मागचा ब्रेक दाबणारा माणूस थांबत नाही. तो घसरत, धूळ उडवत, दिमाखात तसाच खाली जात राहतो आणि वाटेवर चर पाडून ठेवतो, ज्यातून पुढच्या पावसाळ्यात पाणी वाहतं आणि वाटच जाते. एकेका बोटाने, हळूहळू, दोन्ही ब्रेक. हायड्रॉलिक डिस्कला एक बोट पुरतं. आणि ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. वळणात चाकाला एकच काम द्यावं, वळायचं. दोन कामं दिली की ते दोन्ही सोडून देतं. सरकारी कार्यालयात काम केलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

नजरेचा नियम मात्र गूढच आहे. जिकडे बघाल तिकडे सायकल जाते. पायवाटेच्या मधोमध एकच धोंडा आहे, दोन्ही बाजूंना बैलगाडी जाईल एवढी जागा आहे, आणि नवशिका त्या धोंड्याकडे टक लावून ‘याला लागायचं नाही, याला लागायचं नाही’ म्हणत नेमका त्यालाच जाऊन लागतो. धोंडा बघितला, पुरे झालं. नजर लगेच पुढे, दहा-पंधरा पावलांवर, मोकळ्या जागेकडे. वळणावर तर मान वळवून वळणाच्या शेवटाकडे. मुरमावर आणि घसाऱ्यावर हे विशेष, कारण तिथे हँडल वळवून काही होत नाही, चाक सरकतं. सायकल कलती करावी लागते आणि तिला थोडा वेग लागतो. वेग असला की चाक दगडावरून लोळत जातं, एकोणतीस इंचाचं तर फारच सहज. मेलेल्या वेगात तेच चाक त्याच दगडाला टेकून थांबतं, आणि मालक थांबत नाही.

चढावर उलट. इथे उभं राहू नका. उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते मुरमात जागच्या जागी फिरतं. फार मागे बसलात तर पुढचं चाक उचललं जातं. सीटच्या टोकावर बसायचं, छाती हँडलकडे, हलका गिअर, पाय गोल गोल. तरी नाही जमलं तर उतरून ढकलत न्या. यात लाज वाटायचं कारण नाही, ऑलिंपिकवालेसुद्धा ढकलतात.

अशा लेखात या ठिकाणी दुधाच्या किटल्या लावलेला धोतरातला म्हातारा जुन्या सायकलवरून तुम्हाला सहज मागे टाकून जायला हवा, अशी वाचकांची अपेक्षा असेल. माफ करा, दूधवाले केव्हाच मोटारसायकलवर आले. ते मागे टाकून जातात, पण त्यात काव्य नाही.

तयारी म्हणजे ट्रेनिंग हा ज्याच्या त्याच्या घड्याळाचा विषय झाला आहे. २२० वजा वय म्हणजे हृदयाचे सर्वाधिक ठोके, हे सूत्र ढोबळ आहे. माणसामाणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो. जास्तीत जास्त वेळ दमछाक न होता, गप्पा मारता येतील अशा वेगाने चालवावं, म्हणजे दम वाढतो, असं जाणकार सांगतात आणि ते खरं आहे. अडचण एवढीच की ही कसोटी पुण्यात लागू पडत नाही. कात्रजचा चढ अर्ध्यावर आला, चेहरा लालबुंद झाला, घड्याळ किंचाळू लागलं तरी तोंड सुरूच असतं, आणि विषय अजून १९९२ चा वर्ल्ड कप असतो. आठवड्यातून एकदा छोटे, जीव काढणारे चढ मारा, बाकी दिवस आरामात, आणि एक दिवस खरोखर काही करू नका. जोर आणि बैठका काढा. पाठ, खांदे आणि मांड्या यांच्यासाठी महागड्या वर्गांत जे शिकवतात ते बरंचसं तालमीत आधीपासून होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पायडल न मारता जागच्या जागी तोल सांभाळून उभं राहायचा सराव करा, वॉचमन हसला तरी. स्पीडब्रेकरवर पुढचं चाक उचलायला शिका. त्यासाठीची सामग्री महापालिकेने प्रत्येक गल्लीत पुरवली आहे.

वाटेवर म्हशी आल्या तर उतरा. त्यांना सायकलचे नियम माहीत नाहीत आणि त्या वळायच्या आधी हात दाखवत नाहीत. धनगराची कुत्री आली तर पळवू नका, ती उतारावरही तुमच्याहून वेगात असतात. खाली उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि धनगराला हाक मारा. तो येईल, कुत्र्याला गप्प करेल आणि सायकल केवढ्याला पडली ते विचारेल. खरी किंमत सांगू नका. त्या पैशांत किती मेंढरं येतात, हा हिशेब तो तुमच्यासमोर तोंडी करतो आणि पुढची चढण फार जड जाते.

पावसाळ्यात काळ्या कातळावर शेवाळ असतं, त्यावर कुठल्याही कंपनीचं टायर टिकत नाही. चिखलात चाकं घातली की वाटेचे वाफे होतात, म्हणून वाट वाळू द्या. सप्टेंबरात जांभ्याच्या सड्यांवर फुलं असतात. तिकडे सायकल नेऊच नका, चालतानासुद्धा पाय जपून टाका. अभयारण्याच्या हद्दीत शिरायच्या आधी वनखात्याला विचारा. ऑक्टोबरच्या अखेरीला गवत पिवळं पडून खालचे दगड दिसायला लागतात, तेव्हा निघा. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची आणि दोघांनीही पायी चालणाऱ्याला द्यायची, घंटी बडवून नव्हे, वेग कमी करून, “काका, डावीकडून येतोय” असं सांगून. काका बाजूला होतील, पण बहुधा हात वर करून तुम्हाला थांबवतील आणि सायकल कशी चालवावी ते सांगू लागतील. उतारावर असाल तर नमस्कार करून पुढे जा. चढावर असाल तर मात्र जरूर थांबा, सगळं ऐकून घ्या, मधूनमधून शंकाही विचारा. तेवढाच दम खाता येतो.